गिल्डेड एजमधल्या एका अमेरिकी सरकारी नोकरीचा माग कसा काढावा

अमेरिकेतल्या १८७० ते १९०० या काळाविषयी, म्हणजे ‘गिल्डेड एज’विषयी, वाचताना भ्रष्टाचाराची नावं धडाधड येतात: क्रेडिट मोबिलिये, व्हिस्की रिंग, ट्वीड, स्टार रूट. मग सरकारी नेमणुकांना परीक्षा लावणारा १८८३ चा पेंडलटन कायदा येतो, गुणवत्तेचं राज्य सुरू झालं असं एक वाक्य येतं आणि प्रकरण संपतं. कोणी कोणाला काय दिलं, कशाच्या बदल्यात दिलं आणि कायद्याने त्यातलं नेमकं काय थांबवलं, हे हाती लागतच नाही. ते कळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे एकच नोकरी धरून तिचा माग काढणं. एक पद, एक कचेरी, एक साल. त्या पदावर माणूस कोणाच्या शब्दाने आला, त्याच्या पगारातून पैसे कुठे गेले आणि कायदा त्या दिवशी त्याच्या खुर्चीपर्यंत पोचला होता का, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की त्या काळाचं राजकारण आतून दिसू लागतं. इतिहास किंवा लोकप्रशासन शिकणाऱ्यांसाठी, भाषांतर करणाऱ्यांसाठी आणि या विषयावर मराठीत लिहू पाहणाऱ्यांसाठी त्याची पद्धत पुढे दिली आहे.

ही पद्धत कुठे लागू पडत नाही तेही आधीच पाहून घ्या. क्रेडिट मोबिलियेमध्ये काँग्रेसच्या सदस्यांना रेल्वे बांधणाऱ्या कंपनीचे शेअर स्वस्तात मिळाले होते. तिथे सरकारी नोकरीचा प्रश्नच नव्हता. ट्वीड या स्थानिक पुढाऱ्याची लूट न्यूयॉर्क शहराच्या कंत्राटांतली, म्हणजे नगरपालिकेच्या पातळीवरची. स्टार रूटमध्ये टपाल वाहून नेण्याची कंत्राटं फुगवली गेली. पेंडलटन कायदा यांतल्या कशालाही हात लावत नाही. तो केंद्र सरकारच्या नेमणुका आणि त्या नेमणुकांवर पोसलेला पक्षनिधी, एवढ्यापुरताच आहे. हे वेगळे प्रवाह एकाच टोपलीत टाकले की पुढचं सगळं विश्लेषण चुकतं.

सुरुवात ‘ऑफिशियल रजिस्टर’पासून

केंद्र सरकारच्या नोकरांची छापील यादी १८१६ पासून दर दोन वर्षांनी निघत असे. तिचं नाव ‘ऑफिशियल रजिस्टर ऑफ द युनायटेड स्टेट्स’. बोलण्यात ‘ब्लू बुक’. हाथीट्रस्ट आणि इंटरनेट आर्काइव्हवर तिचे खंड फुकट वाचता येतात. नोकराचं नाव, हुद्दा, जन्म कुठला, कोणत्या राज्यातून नेमणूक झाली, कामाचं ठिकाण आणि पगार, एवढं त्यात असतं. ‘कोणत्या राज्यातून नेमणूक’ हा रकाना लोक नजरेआड करतात, पण तोच सर्वांत बोलका. वॉशिंग्टनमध्ये बसणाऱ्या कारकुनाच्या नावापुढे ओहायो लिहिलेलं असेल, तर त्याचा वशिला ओहायोच्या सिनेटरांकडे किंवा प्रतिनिधींकडे शोधायचा.

रजिस्टर वापरताना तीन गोष्टी सांभाळा. यादी एका ठरावीक तारखेची असते, त्यामुळे दोन यादींच्या मधल्या काळात लागलेला आणि काढलेला माणूस तिच्यात दिसतच नाही. एका माणसासाठी किमान तीन लागोपाठचे खंड बघा आणि निवडणुकीचं साल मधे येईल असे घ्या: १८८३, १८८५, १८८७ किंवा १८८७, १८८९, १८९१. दुसरं, नावाचं स्पेलिंग बदलत राहतं, म्हणून नावापेक्षा पद आणि ठिकाण धरून शोधा. तिसरं, पगाराचा आकडा ही त्या माणसाची सगळी कमाई समजू नका. याविषयी पुढे सविस्तर लिहिलं आहे.

पद कोणत्या प्रकारचं ते ठरवा

नेमणूक कोणाच्या सहीने होते यावरून चार मुख्य प्रकार पडतात.

सर्वांत वर, राष्ट्राध्यक्षाने नेमायची आणि सिनेटने मान्य करायची पदं: बंदरांवरचे कस्टम्स कलेक्टर, मार्शल, सरकारी वकील, परदेशांतले कॉन्सल आणि वर्षाला १,००० डॉलर किंवा जास्त पगार असलेले पोस्टमास्तर. इथला कलेक्टर म्हणजे आयात-जकात गोळा करणाऱ्या कचेरीचा प्रमुख. आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्याचं चित्र डोळ्यांसमोरून काढून टाका. त्याच कचेरीतला ‘नेव्हल ऑफिसर’ आरमारातला नसतो. कलेक्टरचे हिशेब पडताळणारा तो मुलकी अधिकारी. १८२० च्या कायद्याने यातल्या अनेक पदांना चार वर्षांची मुदत घातली होती, म्हणून दर चार वर्षांनी कोणाला काढण्याचीही गरज नसे. मुदत संपली की नव्याने नेमलं नाही, झालं.

दुसरा प्रकार खात्याच्या सचिवाने नेमायच्या कारकुनांचा. वॉशिंग्टनमधल्या कारकुनांच्या १८५३ पासून चार श्रेणी होत्या आणि पुढच्याच वर्षी ठरलेला पगार वर्षाला १,२००, १,४००, १,६०० आणि १,८०० डॉलर असा होता. १८५३ पासून त्यांना परीक्षाही होती, पण ती फक्त ‘पास’ व्हायची परीक्षा: वशिल्याने आधीच ठरलेल्या एकट्या उमेदवाराची चाचणी. १८८३ च्या आधीच्या कागदांत ‘परीक्षा’ शब्द दिसला की स्पर्धा होती असं मानू नका.

तिसरा प्रकार मोठ्या कस्टम हाउसमधल्या नोकरांचा. नाव कलेक्टर सुचवतो, अर्थसचिव मान्य करतो. न्यूयॉर्कच्या कस्टम हाउसमध्ये असे हजाराहून जास्त नोकर होते आणि देशाच्या जकातीचा मोठा हिस्सा त्या एका कचेरीत जमा होई. म्हणून न्यूयॉर्कचं कलेक्टरपद हे पक्षाच्या दृष्टीने मंत्रिपदापेक्षाही मोठं होतं. चौथा प्रकार गावोगावच्या ‘चौथ्या वर्गाच्या’ पोस्टमास्तरांचा: १,००० डॉलरच्या खाली पगार, नेमणूक पोस्टमास्टर जनरलकडे. पगार किरकोळ, पण अशी पदं हजारोंनी. शिवाय गावातलं पोस्ट बहुधा दुकानातच असे, आणि टपाल न्यायला आलेला माणूस तिथे पक्षाचं वर्तमानपत्रही वाचत असे.

शब्द कोणाचा चालला ते शोधा

कागदावर सही एकाची, निवड दुसऱ्याची. सिनेटने मान्य करायच्या पदांसाठी त्या राज्यातल्या, राष्ट्राध्यक्षाच्याच पक्षाच्या सिनेटरचा शब्द चालत असे. त्याने हरकत घेतली की बाकीचे सिनेटर त्याची बाजू राखत. या अलिखित प्रथेवरच न्यूयॉर्कच्या रॉस्को काँकलिंगचं साम्राज्य उभं होतं. पोस्टमास्तरांसाठी त्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीचं मत घेतलं जाई. प्रतिनिधी विरोधी पक्षाचा असेल तर सत्ताधारी पक्षाचा तिथला पडलेला उमेदवार किंवा स्थानिक पुढारी नाव सुचवे. म्हणून तुमच्या पदाच्या सालासाठी एक छोटा तक्ता करा: राष्ट्राध्यक्ष कोण, त्या राज्याचे दोन सिनेटर कोण, प्रतिनिधी कोण, कोणाचा पक्ष कोणता. आणि रिपब्लिकन असतील तर गट कोणता, काँकलिंगचे ‘स्टॉलवर्ट’ की जेम्स ब्लेनचे ‘हाफ-ब्रीड’.

गटाचा रकाना सोडला तर १८८१ कळणारच नाही. राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांनी २३ मार्च १८८१ रोजी न्यूयॉर्कच्या कलेक्टरपदासाठी विल्यम रॉबर्टसन यांचं नाव पाठवलं. रॉबर्टसन रिपब्लिकनच, पण काँकलिंगच्या विरोधातले. सिनेट आपली बाजू राखणार नाही हे दिसल्यावर काँकलिंग आणि थॉमस प्लॅट या दोन्ही सिनेटरांनी १६ मे रोजी राजीनामे दिले. न्यूयॉर्कच्या विधिमंडळाकडून पुन्हा निवडून येऊन जोर दाखवायचा त्यांचा बेत होता, तो फसला. सगळं भांडण एकाच पक्षातलं आणि एका पदावरून.

पगारातली पक्षवर्गणी मोजा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नोकरी वशिल्याने मिळते हे सगळ्यांना माहीत असतं. ती दर निवडणुकीला पक्षाचा खजिना भरते, हे यंत्राचं खरं इंजिन. मोठ्या कंपन्यांच्या देणग्यांचा काळ येण्याआधी पक्षांच्या पैशाचा मुख्य झरा सरकारी नोकरांच्या पगारात होता.

पद्धत अशी: पक्षाची समिती प्रत्येक नोकराला छापील पत्र धाडते. त्यात पगाराच्या ठरावीक टक्क्याइतकी रक्कम ‘स्वेच्छेने’ पाठवावी अशी विनंती असते. १८८२ मध्ये रिपब्लिकन काँग्रेस समितीचे अध्यक्ष जे हबेल यांनी धाडलेल्या पत्रात दर होता २ टक्के. १,२०० डॉलरच्या कारकुनाचा हिशेब करा. २ टक्के म्हणजे २४ डॉलर. महिन्याचा पगार १०० डॉलर, म्हणजे सात दिवसांची कमाई. शिवाय राज्य समितीची आणि शहर समितीची मागणी वेगळी. ज्याने दिले नाहीत त्याला आठवणीचं दुसरं पत्र जाई आणि न देणाऱ्यांची यादी वशिला लावणाऱ्या पुढाऱ्यापर्यंत पोचू शके. अशा मागणीला स्वेच्छा म्हणणं म्हणजे नोकराचा अपमानच होता, आणि तो हजारो घरांत दर दोन वर्षांनी घडत होता.

ही रक्कम आजच्या रुपयांत बदलण्याच्या फंदात पडू नका. तुलना त्याच काळाशी करा. १८७४ नंतर काँग्रेस सदस्याचा पगार वर्षाला ५,००० डॉलर होता, राष्ट्राध्यक्षाचा १८७३ पासून ५०,०००.

कायदा नव्हता असंही नाही. १५ ऑगस्ट १८७६ च्या कायद्याने कार्यकारी खात्यांतल्या अधिकाऱ्या-नोकरांना एकमेकांकडून राजकीय कामासाठी पैसे मागायला, द्यायला किंवा घ्यायला बंदी केली होती. त्याच्या आधाराने न्यूयॉर्कच्या न्यूटन मार्टिन कर्टिस यांना शिक्षा झाली आणि डिसेंबर १८८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. पण त्यात दोन मोठी भोकं होती. राष्ट्राध्यक्षाने सिनेटच्या संमतीने नेमलेले अधिकारी त्यातून वगळलेले, म्हणजे कलेक्टर मोकळा. आणि हबेल तर काँग्रेसचे सदस्य, कार्यकारी खात्याचे अधिकारी नव्हेतच. म्हणून वर्गणीचा पुरावा सापडला की ‘मागणारा कोण’ हे आधी लिहा. बेकायदा होतं की नव्हतं याचा निकाल मागणाऱ्याच्या पदावर लागतो, रकमेवर नाही.

पगाराबाहेरची कमाई

रजिस्टरमधल्या आकड्यावर विसंबल्याने होणारी मोठी चूक इथली. कस्टम्समध्ये ‘मॉइटी’ नावाची पद्धत होती. कर चुकवणाऱ्या व्यापाऱ्याकडून दंड वसूल झाला की निम्मा सरकारला, एक चतुर्थांश खबर देणाऱ्याला आणि उरलेला एक चतुर्थांश कलेक्टर, नेव्हल ऑफिसर आणि सर्व्हेयर (बंदरावरच्या तपासणीवर देखरेख करणारा अधिकारी) या तिघांत समान वाटला जाई. फेल्प्स, डॉज आणि कंपनी या धातू आयात करणाऱ्या पेढीने १८७३ मध्ये तडजोडीत २,७१,०१७ डॉलर भरले. प्रत्यक्षात बुडालेली जकात या रकमेच्या मानाने क्षुल्लक होती, पण कायद्याने संपूर्ण मालाच्या किमतीवर टाच आणता येत होती आणि त्या धाकाने पेढीने पैसे मोजले. गणित करून बघा: चतुर्थांश म्हणजे सुमारे ६७,७५४ आणि त्याचा तिसरा हिस्सा सुमारे २२,५८५. किरकोळ वजावटीनंतर कलेक्टर चेस्टर आर्थर यांच्या वाट्याला जवळजवळ २२ हजार डॉलर आले, एकाच प्रकरणात. त्या काळी त्यांची वर्षाची कमाई राष्ट्राध्यक्षाच्या पगाराच्या बरोबरीची होती. १८७४ मध्ये काँग्रेसने मॉइटी बंद केली आणि कलेक्टरला १२,००० डॉलर पगार ठरला. त्यामुळे न्यूयॉर्क कस्टम हाउसचा अभ्यास करताना १८७४ ही रेघ आखा आणि तिच्या दोन बाजूंचे आकडे एकत्र मिसळू नका.

हे सगळं कायदेशीर होतं. उघड चोरी वेगळी ओळखा. व्हिस्की रिंगमध्ये दारू गाळणारे आणि महसूल अधिकारी मिळून कराचे पैसे वाटून घेत होते. अर्थसचिव बेंजामिन ब्रिस्टो यांनी मे १८७५ मध्ये धाडी घालून ती टोळी फोडली. युद्धसचिव विल्यम बेलनॅप यांचं प्रकरण त्याहून सरळ: फोर्ट सिलच्या लष्करी ठाण्यावरचं दुकान चालवायच्या हक्काचे पैसे त्यांच्या घरी येत होते. मार्च १८७६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, तरी महाभियोग चालला आणि दोन तृतीयांश मतं न भरल्याने ते सुटले.

त्या दिवशी कायदा लागू होता का

इथे बहुतेक लेखनाचा पाय घसरतो. सरकारी पद न मिळाल्याने चिडलेल्या चार्ल्स गिटोने २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर गारफिल्डना गोळ्या घातल्या, १९ सप्टेंबरला ते गेले, आणि म्हणून कायदा आला, असं एका दमात लिहिलं जातं. मधली चौदा-पंधरा महिन्यांची कोंडी त्यात नाहीशी होते. काँग्रेस हलली ती नोव्हेंबर १८८२ च्या निवडणुकीत रिपब्लिकनांनी प्रतिनिधीगृह गमावल्यावर. १८८४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदही जाण्याची भीती दिसू लागली, आणि मग आपल्या माणसांना आहे त्या जागी पक्कं करण्यात त्यांनाही फायदा दिसला. ओहायोचे डेमोक्रॅट सिनेटर जॉर्ज पेंडलटन यांचं विधेयक सिनेटमध्ये २७ डिसेंबर १८८२ रोजी ३८ विरुद्ध ५ आणि प्रतिनिधीगृहात ४ जानेवारी १८८३ रोजी १५५ विरुद्ध ४७ मतांनी पार पडलं. गारफिल्डनंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या त्याच चेस्टर आर्थर यांनी १६ जानेवारीला सही केली. मसुदा मुख्यतः डॉर्मन ईटन यांचा. परीक्षा घेणाऱ्या नव्या नागरी सेवा आयोगावर पहिले तीन आयुक्त नेमले गेले त्यांतही ते होते. तिघांपैकी दोनपेक्षा जास्त एका पक्षाचे नकोत अशी अट होती.

आता तुमच्या पदाला हे प्रश्न विचारा, याच क्रमाने. नेमणूक १६ जुलै १८८३ नंतरची आहे का? आधीची असेल तर परीक्षा लागू नाही, कारण ती सहीनंतर सहा महिन्यांनी सुरू झाली. पद सिनेटने मान्य करायचं आहे का? असेल तर ते कायद्याबाहेर. मजुराचं आहे का? तेही बाहेर. वॉशिंग्टनच्या खात्यातलं कारकुनी पद आहे का? असेल तर बहुधा आत. कस्टम हाउस किंवा पोस्टातलं असेल, तर त्या कचेरीत किमान ५० नोकर होते का ते मोजा. रजिस्टर इथे पुन्हा कामी येतं. सुरुवातीला ११ कस्टम्स जिल्हे आणि २३ पोस्ट ऑफिसंच या चाळणीतून आत आली. आकडे असे: वॉशिंग्टनच्या खात्यांत ५,६५२, कस्टम्समध्ये २,५७३, पोस्टात ५,६९९, एकूण १३,९२४. केंद्राच्या दहा नोकरांमागे जेमतेम एक. १८८४ साली एखाद्या गावातल्या पोस्टमास्तराने स्पर्धा परीक्षा दिली असेल का, याचं उत्तर कायम ‘नाही’.

पक्षवर्गणीची कलमं मात्र सर्वांना लागू होती, ५० ची अट नसताना. कलम ११ ने सिनेटर आणि प्रतिनिधींनाही सरकारी नोकरांकडे पैसे मागायला बंदी केली, म्हणजे हबेलचं भोक बुजलं. कलम १२ ने सरकारी इमारतीत कोणीही मागणं गुन्हा ठरवलं. वर्गणी दिली नाही म्हणून काढणं किंवा पगार कमी करणं कलम १३ ने बंद झालं. शिक्षा ५,००० डॉलरपर्यंत दंड, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. उरलेली पळवाट टपालाची: सरकारी नोकर नसलेल्या माणसाने बाहेर बसून पत्र लिहिलं तर? सरकारी इमारतीत पोचलेलं पत्र म्हणजे इमारतीत केलेली मागणीच, हे सर्वोच्च न्यायालयाने थेयर खटल्यात १९०८ मध्ये सांगितलं. मधल्या पंचवीस वर्षांतली पत्रं सापडली तर पाकिटावरचा पत्ता बघा, घरचा की कचेरीचा.

परीक्षा कशी होती, आणि ती आपल्यासारखी का नव्हती

मराठी वाचकाच्या मनात स्पर्धा परीक्षा म्हटलं की यूपीएससी-एमपीएससी येते आणि तिथेच गफलत होते. दोन्हींचं मूळ काही अंशी एक आहे. खुली स्पर्धा ब्रिटिशांनी आधी भारताच्या सनदी सेवेसाठी वापरली, पहिली परीक्षा १८५५ मध्ये लंडनला. खुद्द ब्रिटनमधल्या खात्यांत ती सर्रास आली १८७० मध्ये. ईटन यांनी या ब्रिटिश अनुभवाचा अभ्यास करून त्यावर पुस्तक लिहिलं होतं आणि विरोधकांनी कायद्यावर परकी, उमरावी असा शिक्का मारला तो त्यामुळेच. पण काँग्रेसने जे घेतलं ते वेगळं होतं. विद्यापीठातून निघालेल्या तरुणांची वरची अधिकारी श्रेणी त्यांना नको होती. परीक्षा ‘व्यावहारिक स्वरूपाची’ हवी असं कायद्यातच लिहिलं आणि तळच्या पायरीवरूनच प्रवेश द्यायची अट सिनेटने काढून टाकली.

सर्वसाधारण परीक्षेचे विषय पाच: शुद्धलेखन, हस्ताक्षर आणि नक्कल; अंकगणित, त्यात अपूर्णांक आणि टक्केवारी; व्याज, सूट आणि हिशेबलेखन; इंग्रजी भाषा आणि पत्रलेखन; अमेरिकेचा भूगोल, इतिहास आणि शासन. पात्रतेसाठी सुरुवातीला ६५ गुण लागत. जागा रिकामी झाली की आयोग यादीतली वरची चार नावं पाठवी आणि अधिकारी त्यांतून एक निवडी. म्हणजे पहिला आलेलाच लागला असं गृहीत धरायचं नाही. चारांत पक्षाचा माणूस असेल तर त्याला उचलायची सोय शिल्लक होती. १८८८ मध्ये चाराचे तीन झाले. निवडलेल्याला सहा महिने प्रोबेशन. वॉशिंग्टनमधल्या जागा राज्यांना लोकसंख्येप्रमाणे वाटायच्या होत्या, एका घरातले दोघं आत असतील तर तिसऱ्याला बंदी होती आणि सिनेटर-प्रतिनिधींची शिफारस फक्त चारित्र्य आणि रहिवास यांपुरतीच घ्यायची होती. आयोगाचे वार्षिक अहवाल १८८४ पासून आहेत. किती बसले, किती पास, किती लागले यांचे तक्ते तिथेच बघा.

माणूस गेला कसा

सुधारकांनी लक्ष प्रवेशावर दिलं. नोकरीतून काढण्यावर कायद्यात जवळजवळ काहीच नव्हतं. वर्गणीचं कारण सिद्ध होत नसेल तर वरिष्ठ कोणालाही घालवू शकत होता. ‘वर्गीकृत’ म्हणजे परीक्षेखाली आणलेल्या पदांसाठी योग्य कारण, लेखी आरोप आणि उत्तराची संधी हे राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्या २७ जुलै १८९७ च्या आदेशाने आलं, आणि कायद्यात १९१२ मध्ये.

वर्गीकरणाबाहेर तर कत्तलच चालू होती. १८८५ मध्ये डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड आल्यावर टपाल खात्यात एडलाय स्टीव्हन्सन यांनी सुमारे ४० हजार रिपब्लिकन पोस्टमास्तर बदलले. १८८९ मध्ये रिपब्लिकन हॅरिसन आल्यावर जेम्स क्लार्कसन यांनी वर्षभरात ३० हजारांहून जास्त. म्हणून तुमचा पोस्टमास्तर १८८५ किंवा १८८९ मध्ये गेलेला दिसला तर त्याच्या कामात खोट शोधत बसू नका, आधी पक्ष बघा.

याच्या उलट एक चाल आहे आणि तीच सुधारणेला पुढे नेणारी ठरली. मावळता राष्ट्राध्यक्ष जाता जाता आणखी पदं वर्गीकृत करी. त्याने नेमलेली माणसं परीक्षा न देताच पक्की होत, पण पुढे ती जागा कायमची परीक्षेखाली येई. क्लीव्हलंड यांनी पहिल्या कारकिर्दीच्या शेवटी रेल्वे टपाल सेवा अशीच आत घेतली. हॅरिसन यांनी अंमल १ मे १८८९ पर्यंत पुढे ढकलला आणि मधल्या आठवड्यांत कितीतरी कारकून बदलून घेतले. आदेशाची तारीख आणि अंमलाची तारीख या दोन्ही लिहून ठेवायच्या त्या यासाठी. १९०० च्या सुमारास केंद्राच्या साधारण ४० टक्के जागा परीक्षेखाली होत्या.

नावांचे आणि वर्तमानपत्रांचे सापळे

सुधारक नेते जॉर्ज विल्यम कर्टिस आणि वर्गणी घेतल्याबद्दल शिक्षा झालेले न्यूटन मार्टिन कर्टिस हे वेगळे. १८७७ मध्ये न्यूयॉर्क कस्टम हाउसची चौकशी करून एक पंचमांश नोकर कमी करा असं सुचवणारे जॉन जे हे पहिल्या सरन्यायाधीशांचे नातू. त्याच वर्षी आर्थर यांच्या जागी सुचवलेले आणि सिनेटने नाकारलेले थिओडोर रूझवेल्ट हे वडील. १८८९ ते १८९५ आयुक्त होते ते चिरंजीव. ‘टेन्युअर ऑफ ऑफिस’ नावाचे कायदेही दोन, १८२० चा आणि १८६७ चा. दुसरा १८८७ मध्ये रद्द झाला.

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’वर त्या काळची वर्तमानपत्रं मिळतात. त्यांत जवळजवळ प्रत्येक पत्र कोणत्यातरी पक्षाचं किंवा गटाचं होतं, तेव्हा एकच बातमी दोन विरोधी पत्रांत वाचल्याशिवाय टिपू नका. सुधारकांची पत्रंही निःपक्षपाती नव्हती. ‘हार्पर्स वीकली’ आणि ‘द नेशन’ यांच्या लिखाणात स्थलांतरित आणि गरीब मतदारांविषयीचा तुच्छभाव ठळक आहे. दक्षिणेत कृष्णवर्णीयांचे मतदानाचे हक्क हिसकावले जात असताना केंद्र सरकारची नेमणूक हीच त्यांच्यासाठी उरलेली एक वाट होती. मिसिसिपीचे माजी सिनेटर ब्लांश ब्रूस १८८१ मध्ये ट्रेझरीचे रजिस्ट्रार झाले ते पक्षाच्या नेमणुकीतूनच. वशिल्याची नोकरी दिसली की ती घेणारा नालायक होता असा निष्कर्ष काढू नका.

मूळ कागद

रजिस्टर आणि वर्तमानपत्रांच्या पुढे जायचं असेल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे वळा. ट्रेझरीचे कागद अभिलेखगट ५६ मध्ये, कस्टम्सचे ३६ मध्ये, टपाल खात्याचे २८ मध्ये, नागरी सेवा आयोगाचे १४६ मध्ये आहेत. पोस्टमास्तरांसाठी सर्वांत सोपी वाट मायक्रोफिल्म एम ८४१: १८३२ पासूनच्या नेमणुका राज्य आणि काउंटीनिहाय, तारखांसकट. आर्थर यांचा खासगी पत्रव्यवहार शोधण्यात फार वेळ घालवू नका, त्यांनी मरण्याआधी बरेच कागद जाळायला लावले. १८७७ ते १८८१ राष्ट्राध्यक्ष असलेल्या हेज यांची डायरी मात्र ओहायोतल्या फ्रीमॉंटच्या त्यांच्या ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवली आहे. अभिलेखागाराला पत्र लिहिताना माणसाचं नाव, पद, कचेरीचं गाव, काउंटी आणि राज्य, आणि रजिस्टरमध्ये ते नाव पहिल्यांदा आणि शेवटचं दिसलं ती दोन सालं एवढं कळवा. नुसत्या नावावर शोध बहुधा लागत नाही.